खाण कंपनीचं संचालक मंडळ गप्प बसतं तेव्हा कुठे बघायचं

प्रश्न सावंतवाडीहून आलाय. विचारणारे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: ‘एका सूचिबद्ध लोहखनिज कंपनीचे ८५० शेअर मी अकरा वर्षं धरून आहे. गेली तीन वर्षं कंपनी आपलं बरंचसं खनिज प्रवर्तकांच्याच एका ट्रेडिंग कंपनीला विकते, असं वार्षिक अहवालात दिसतं. एका स्वतंत्र, म्हणजे प्रवर्तकांशी संबंध नसलेल्या, संचालकांनी मुदत संपायला दोन वर्षं असताना वैयक्तिक कारणास्तव राजीनामा दिला. ऑनलाइन सभेत मी दोन प्रश्न विचारले, अध्यक्ष “कळवतो” म्हणाले, त्याला आठ महिने झाले. प्रवर्तकांकडे ६२ टक्के आहेत. हे लोक काही लपवतायत का? आणि माझ्यासारख्या एकट्या माणसाने करायचं तरी काय?’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देऊ शकत नाही. कागद न बघता जो देईल त्याच्यापासून चार हात लांब राहा. दुसऱ्याबद्दल मात्र बरंच सांगता येईल. मी सत्तावीस वर्षं कंपनी सेक्रेटरी आहे. त्यातली पहिली नऊ एका खाण कंपनीत काढली, नंतर स्वतंत्र व्यवसाय केला. म्हणजे भागधारकांच्या पत्रांना गुळगुळीत उत्तरं लिहिणारा एके काळी मीच होतो.

त्या अनुभवातून पहिली गोष्ट सांगतो. ‘संचालक मंडळाच्या कारभारात पारदर्शकता नाही’ असं पत्र आलं की आम्हाला हायसं वाटायचं. त्याचं उत्तर छापून ठेवल्यासारखं तयार असायचं: कंपनी लागू असलेल्या सर्व कायद्यांचं पालन करते, सर्व व्यवहार सर्वसाधारण व्यवसायक्रमात आणि बाजारभावाने होतात, आपल्या विश्वासाबद्दल आभार. घाम फुटायचा तो वेगळ्या पत्रांनी. आजच्या कागदांतलं उदाहरण द्यायचं तर (‘संबंधित पक्ष’ म्हणजे प्रवर्तक, संचालक, त्यांचे नातेवाईक आणि त्यांच्या कंपन्या): ‘संबंधित पक्षांच्या टिपेत या कंपनीला केलेली विक्री ४१२ कोटी दाखवली आहे. शेअर बाजाराकडे दिलेल्या दोन सहामाही विवरणांची बेरीज ३८७ कोटी येते. २५ कोटींचा फरक कशाचा?’ असं पत्र आलं की ते आधी वित्त विभागात जायचं, तिथून लेखापरीक्षकांकडे, आणि शेवटी संचालक मंडळाच्या लेखापरीक्षण समितीच्या विषयपत्रिकेवर. पत्र पाठवणाऱ्याकडे किती शेअर आहेत हे तोवर कुणी विचारलेलंही नसायचं.

तेव्हा पारदर्शकता मागू नका, एकेक आकडा मागा. खाण कंपनीत कुठला आकडा मागायचा, हे ठरवण्यातच निम्मं काम आहे.

तुमच्या बाबतीत सुरुवात भावापासून करा. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये इंदिरा भवनात भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालय आहे. हे खातं दर महिन्याला खनिजनिहाय, राज्यनिहाय आणि प्रतवारीनिहाय सरासरी विक्री किंमत जाहीर करतं. लोहखनिजात डल्ला (मोठे तुकडे) वेगळा, चुरा वेगळा, आणि दोन्हींत लोहाच्या टक्केवारीप्रमाणे आणखी कप्पे. सरकारला द्यायची रॉयल्टी याच किमतीवर लागते, लोहखनिजाला १५ टक्के. हा तक्ता फुकट मिळतो आणि भागधारक तो जवळजवळ कधीच उघडत नाहीत. तुमची कंपनी प्रवर्तकांच्या ट्रेडिंग कंपनीला ज्या दराने माल देते तो सरासरी दर काढा. विक्रीची रक्कम संबंधित पक्षांच्या टिपेत मिळेल. टनांचा आकडा कधी अहवालात असतो, कधी विश्लेषकांसाठीच्या सादरीकरणात. मग हा दर ब्युरोच्या किमतीशेजारी मांडा.

हे करताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा, नाहीतर पत्र लिहून स्वतःचंच हसं होईल. ब्युरोची किंमत खाणीच्या तोंडाशी असलेली, म्हणजे वाहतूक आणि चढाई-उतराई वजा केलेली असते. तुमच्या कंपनीची विक्री बंदरपोच असेल तर दोन्ही आकडे तसेच शेजारी ठेवता येत नाहीत. दुसरी गोष्ट जरा बारीक आहे. ही सरासरी खाणवाल्यांनीच भरलेल्या विवरणांतून निघते. एखाद्या राज्यात एखाद्या प्रतीचा मोठा विक्रेता एकच असेल आणि तोच आपल्या घरच्या कंपनीला स्वस्तात विकत असेल, तर सरासरीसुद्धा त्याच्याबरोबर खाली येते. म्हणून शेजारच्या राज्याचा आकडाही बघा. पाच-सात टक्क्यांचा फरक ओलावा, प्रत किंवा दीर्घ मुदतीचा करार यांनी समजावता येतो. तीन वर्षं सलग, एकाच दिशेने आणि फक्त एकाच गिऱ्हाइकाच्या बाबतीत फरक दिसला, तर तो प्रश्न विचारण्यालायक आहे.

भावानंतर वाहतूक. गोव्यात खनिज डिचोली-साखळीच्या बाजूने ट्रकने जेटीवर, तिथून मांडवीतून बार्जने मुरगावकडे, असा प्रवास पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. ट्रक, बार्ज, क्रशर, माती उपसण्याचं कंत्राट, यंत्रांचं भाडं: खाणीचा पैसा बाहेर जायच्या वाटा या. इथे कायद्याची एक गंमत सांगतो. कंपनी कायद्यातल्या ‘नातेवाईक’ या शब्दात नवरा-बायको, आई-वडील, मुलगा, सून, मुलगी, जावई, भाऊ, बहीण आणि एकत्र हिंदू कुटुंबातले सदस्य येतात. मेव्हणा येत नाही, साडू येत नाही, चुलतभाऊ एकत्र कुटुंबात नसेल तर येत नाही. आपल्याकडे अर्धा धंदा साडू-मेव्हण्यांच्या नावावर चालतो हे कायदा लिहिणाऱ्यांना ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. सेबीने हे भोक थोडं बुजवलंय: १ एप्रिल २०२३ पासून, ज्या व्यवहाराचा हेतू आणि परिणाम संबंधित पक्षाला फायदा पोचवणं हा असेल तो परक्याच्या नावावर असला तरी संबंधित पक्ष व्यवहारच धरतात. पण हेतू सिद्ध करायचा कुणी, हा प्रश्न उरतोच. तुमच्या गावच्या बाजूला अमुक ट्रान्सपोर्ट कुणाचा हे चहाच्या टपरीवर सगळ्यांना माहीत असतं. ते ऐकीव पत्रात लिहू नका, अब्रुनुकसानीची नोटीस येईल. ‘वाहतुकीचे पहिले पाच कंत्राटदार कोण, निविदा काढली होती का, प्रवर्तक किंवा संचालक यांचा त्यांच्यात प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष हितसंबंध नाही याची लेखापरीक्षण समितीने खातरजमा केली का’, एवढंच विचारा.

साठ्यांबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही, पण विचारायला हवं. खाण कंपनीची खरी मालमत्ता जमिनीखाली असते आणि ती आपण कुणीच पाहिलेली नसते. १९९७ साली कॅनडातल्या ब्रे-एक्स कंपनीचा फुगा फुटला, तो इंडोनेशियातल्या बुसांगच्या नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळलं होतं म्हणून. त्यानंतर कॅनडाने २००१ मध्ये साठ्यांच्या प्रकटीकरणाचे कडक नियम केले. ऑस्ट्रेलियातही शेअर बाजाराच्या नियमांनी एक संहिता सक्तीची आहे. आपल्याकडे सूचिबद्ध कंपन्यांवर तसं जू नाही. सरकारी कामासाठी संयुक्त राष्ट्रांच्या वर्गीकरणाचे आकडी संकेत वापरतात: १११ म्हणजे तपासलेला, आज फायद्याने काढता येण्याजोगा साठा, ३३३ किंवा ३३४ म्हणजे ‘असावा बहुतेक’. अहवालात नुसतं ‘एकूण संसाधन इतके दशलक्ष टन’ लिहिलं असेल तर फोड मागा. खाण आराखडा मंजुरीसाठी जातो तेव्हा त्यात ही फोड द्यावीच लागते, म्हणजे कंपनीकडे ती नाही असं होत नाही.

आणि पट्टा, म्हणजे खाण चालवायचा सरकारी भाडेकरार, कधी संपतो? २०१५ च्या दुरुस्तीने जुन्या पट्ट्यांना तारखा लागल्या. बाजारात विकणाऱ्यांचे बरेचसे ३१ मार्च २०२० ला संपले, स्वतःच्या कारखान्यासाठी खणणाऱ्यांचे बरेचसे ३१ मार्च २०३० ला संपतील, पुढे लिलाव. गोव्यात तर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ पट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि १६ मार्चपासून खाणी थांबल्या, हे तुमच्याकडच्या लोकांना मी सांगायला नको. संभाव्य देण्यांच्या टिपेतही बघा. २०१७ च्या ओडिशा निकालात सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण मंजुरीपेक्षा जास्त काढलेल्या खनिजाची शंभर टक्के किंमत वसूल करायला सांगितली. जुलै २०२४ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने रॉयल्टी हा कर नव्हे, राज्यांना खनिजहक्कांवर कर लावता येतो असं ठरवलं, आणि पुढच्याच महिन्यात १ एप्रिल २००५ पासूनच्या मागण्यांना वाट मोकळी केली. पैसे १ एप्रिल २०२६ पासून बारा वर्षांत फेडायचे. तुमच्या कंपनीने यावर एक ओळही लिहिली नसेल तर ते मौन मला त्या राजीनाम्यापेक्षा जास्त खटकेल.

आता ‘६२ टक्के त्यांच्याकडे, मग माझं काय चालणार’ या मुद्द्याकडे वळतो. इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो.

हिंदुस्थान झिंकचं प्रकरण घ्या. २०२३ च्या सुरुवातीला प्रवर्तक वेदांताकडे ६४.९२ टक्के होते, केंद्र सरकारकडे २९.५४ टक्के, उरलेले साडेपाच टक्के बाकी सगळ्यांचे. १९ जानेवारी २०२३ रोजी हिंदुस्थान झिंकच्या संचालक मंडळाने वेदांताचाच परदेशातला जस्ताचा धंदा सुमारे २९८ कोटी डॉलर रोख मोजून, टप्प्याटप्प्याने घ्यायचं ठरवलं. म्हणजे मुलीच्या तिजोरीतले पैसे आईकडे, आणि आईच्या खाणी मुलीकडे. बाजाराला ते रुचलं नाही, शेअर आपटला. फेब्रुवारीत सरकारने पत्र लिहून विरोध केला, रोखीने हा व्यवहार करू नये असं कळवलं आणि कायदेशीर मार्गाचा इशारा दिला. ते पत्र शेअर बाजारांपर्यंत पोचलं, म्हणून आपल्याला वाचायला मिळालं.

साधा हिशेब असा: मोठ्या संबंधित पक्ष व्यवहाराला भागधारकांची मंजुरी लागते आणि त्या ठरावाच्या बाजूने कुठल्याही संबंधित पक्षाला मत देता येत नाही. वेदांताचे ६४.९२ टक्के त्या ठरावापुरते शून्य झाले. उरलेल्या ३५ टक्क्यांत सरकारचा वाटा सुमारे ८४ टक्के. सभा बोलावण्यात अर्थच उरला नाही, ती बोलावली गेली नाही, आणि मुदत संपून प्रस्ताव बारगळला. त्याच आर्थिक वर्षात हिंदुस्थान झिंकने शेअरमागे तब्बल ७५.५० रुपये लाभांश दिला, त्यावरही टीका झाली. पण लाभांश आणि हा व्यवहार यांत एक मूलभूत फरक आहे. लाभांशाच्या पंक्तीत तुम्हालाही पान वाढलेलं असतं. प्रवर्तकांकडून काही विकत घेतलं तर पान एकच असतं. कंपनीतून पैसा बाहेर जाताना दिसला की पहिला प्रश्न हाच विचारा: माझ्या शेअरमागे मला काही आलं का?

तुमच्या कंपनीतही ट्रेडिंग कंपनीला होणारी विक्री ‘मोठी’ या व्याख्येत बसते का ते पाहा. काही वर्षं मर्यादा एक हजार कोटी किंवा एकत्रित उलाढालीच्या दहा टक्के, यांतली कमी ती, अशी होती. आता मोठ्या उलाढालीच्या कंपन्यांसाठी ती पायऱ्यापायऱ्यांनी वाढवली आहे. मध्यम आकाराच्या कंपनीला दहा टक्क्यांचाच हिशेब धरा. बसत असेल तर तो ठराव तुमच्यासमोर येऊन गेलेला आहे, आणि त्या दिवशी ६२ नव्हे तर ३८ टक्क्यांचीच मतं मोजली गेली होती. मतदानाचा निकाल दोन कामकाजी दिवसांत शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर येतो. त्यात प्रवर्तक, संस्था (म्युच्युअल फंड, विमा कंपन्या वगैरे) आणि इतर अशी फोड असते. संस्थांपैकी किती जणांनी विरोधात मत दिलं ते बघा. मी पैज लावून सांगतो, तुम्ही स्वतः त्या वेळी मत दिलेलं नाही. ई-मतदानाचा मेल येतो, आपण तो लाभांशाच्या मेलसारखा बाजूला टाकतो.

आता याच गोष्टीची उलटी बाजू. कोल इंडियाचे शेअर २०१० मध्ये २४५ रुपयांना विकून सरकारने दहा टक्के हिस्सा काढला, नव्वद आपल्याकडे ठेवले. लंडनच्या टीसीआय या फंडाकडे एक टक्क्याच्या आसपास शेअर होते. मार्च २०१२ मध्ये त्याने संचालकांना पत्र लिहिलं: सरकारच्या सांगण्यावरून कोळसा बाजारभावाच्या किती तरी खाली विकता, हे सगळ्या भागधारकांच्या हिताचं कसं? त्याच सुमारास वीज प्रकल्पांना ८० टक्के पुरवठ्याची हमी देणारे करार करा, असा सरकारचा आग्रह चालला होता. स्वतंत्र संचालक दंडाच्या अटींवर अडून बसले. शेवटी एप्रिल २०१२ च्या सुरुवातीला राष्ट्रपतींच्या नावाने निर्देश निघाला आणि करार करावे लागले. पुढे मंडळाने दंड नाममात्र ठेवून थोडी अब्रू राखली. टीसीआय कोर्टात गेला, आणि २०१४ मध्ये शेअर विकून निघून गेला.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की मला हसू येतं. एका खाण कंपनीत सरकार अल्पसंख्य भागधारक होतं, तेव्हा त्याला मंडळाने सगळ्यांचं हित बघावं असं वाटलं. दुसरीत तेच सरकार नव्वद टक्क्यांचं मालक होतं, तेव्हा त्याने मंडळाला आदेश दिला. तत्त्व बदललं नव्हतं, खुर्ची बदलली होती. तरीही टीसीआय हरला असं मी सरसकट म्हणणार नाही. मंडळात मतभेद होते हे जगाला कळलं, आणि आदेश तोंडी न राहता कागदावर आला.

सरकारी खाण कंपन्यांचे भागधारक असाल तर तुमच्या हातात एक जादा साधन आहे: माहितीचा अधिकार. नागपूरची मॉईल घ्या, हैदराबादची एनएमडीसी घ्या, कोल इंडिया आणि तिची नागपूरची वेस्टर्न कोलफिल्ड्स घ्या, दहा रुपयांचा अर्ज चालतो. व्यापारी गुपित म्हणून काही कागद नाकारतील, पण निविदा, मंत्रालयाशी झालेला पत्रव्यवहार, स्वतंत्र संचालकांच्या रिकाम्या जागांबद्दलची पत्रं पुष्कळदा मिळतात. या रिकाम्या जागा हा जुनाच विनोद आहे. सरकारी कंपनीत स्वतंत्र संचालक मंत्रालय नेमतं, ते नेमत नाही, शेअर बाजार कंपनीला दिवसाला पाच हजार दंड लावतो, आणि कंपनी उत्तर देते की नेमणूक आमच्या हातात नाही. ज्याच्या हातात आहे त्याला दंड लागत नाही. तुमची कंपनी खाजगी आहे, म्हणून हा मार्ग तुम्हाला थेट उपयोगी नाही. पर्यावरण मंजुरीच्या अटी कंपनी पाळते का याचे सहामाही अहवाल मात्र खाजगी खाणीलाही जाहीर करावे लागतात. त्यात उत्पादनाचा आकडा असतो. तो वार्षिक अहवालातल्या आकड्याशी जुळवा.

वेळेचंही एक सांगतो. केर्न इंडिया या वेदांताच्याच ताब्यातल्या तेल कंपनीने वेदांता समूहातल्या कंपनीला सव्वाशे कोटी डॉलर कर्ज द्यायचं ठरवल्याचं जुलै २०१४ मध्ये निकालांबरोबर बाहेर आलं. बरीच रक्कम तोवर देऊनही झाली होती. मोठ्या संबंधित पक्ष व्यवहारांना उरलेल्या भागधारकांची मंजुरी सक्तीची करणारा सेबीचा नियम १ ऑक्टोबर २०१४ पासून लागू झाला. कायदा मोडला असं मी म्हणत नाही. कॅलेंडरकडे बोट दाखवतो, इतकंच. पुढे २०१५ मध्ये केर्नला वेदांतात विलीन करायचा प्रस्ताव आला: केर्नच्या एका शेअरला वेदांताचा एक आणि दहा रुपयांचा एक प्राधान्य शेअर. एलआयसी आणि केर्नची जुनी ब्रिटिश मालक कंपनी यांच्याकडे मिळून मोठा अल्पसंख्य वाटा होता, ते लवकर मानेनात. वर्षभराने प्रस्ताव सुधारला: एकाऐवजी चार प्राधान्य शेअर. त्या जादा तीस रुपयांसाठी कुणी रस्त्यावर उतरलं नव्हतं. मत देणार नाही एवढंच सांगितलं होतं.

म्हणून तुमचं दुसरं पत्र कंपनीला नाही, तिच्यातल्या संस्थांना जायला हवं. दर तिमाहीच्या भागधारणेच्या तक्त्यात एक टक्क्याहून जास्त वाटा असलेल्यांची नावं असतात. त्यात म्युच्युअल फंड असेल तर त्याला आता प्रत्येक ठरावावर मत द्यावं लागतं आणि कारणासह जाहीरही करावं लागतं. तिथल्या विश्लेषकाकडे पन्नास कंपन्या असतात, तुमच्याकडे एक आहे. ब्युरोच्या भावाचा आणि विक्रीदराचा तीन वर्षांचा तक्ता, एका पानात, विशेषणं गाळून पाठवा. मतदानाचा सल्ला देणाऱ्या आयआयएएस, एसईएस, इनगव्हर्न या संस्थांनाही तेच पान पाठवा. माझ्या एका अशिलाने असं केलं होतं. फंडाने त्यांना उत्तर दिलं नाही, पण पुढच्या सभेत त्या ठरावाविरुद्ध मत टाकलं, आणि जाहीर केलेल्या कारणात आमच्याच तक्त्याची मांडणी होती.

कायदेशीर हक्कांबद्दल समाजमाध्यमांवर फार अफवा चालतात, म्हणून भराभर सांगून टाकतो. संचालक मंडळाच्या बैठकांची इतिवृत्तं बघायचा हक्क भागधारकाला नाही. सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं बघता येतात, नक्कल मागता येते. तुमची सभा ऑनलाइन झाली असेल तर तिचा शब्दशः उतारा कंपनीच्या संकेतस्थळावर असायला हवा. त्यातलं अध्यक्षांचं ‘कळवतो’ पान क्रमांकासह उचला आणि पत्राच्या पहिल्याच ओळीत घाला. पूर्वी मुंबईत बिर्ला मातोश्री सभागृहात माईकवर येऊन लोक अध्यक्षांवर कविता म्हणायचे आणि बोनस मागायचे, त्या गदारोळात खरा प्रश्न हरवायचा. आता तो लेखी उरतो, हा ऑनलाइन सभेचा एकमेव फायदा मला दिसलाय.

संचालकांचे हितसंबंध असलेल्या करारांची नोंदवही हा आणखी एक विसरलेला कागद. कलम १८९ प्रमाणे ती नोंदणीकृत कार्यालयात कामाच्या वेळेत भागधारकाला बघता येते, उतारे घेता येतात. मी एकदा एका भागधारकासोबत अशा कार्यालयात गेलो होतो. कंपनीचं नाव राहू द्या. तिथल्या माणसाने आधी नोंदवही ऑडिटरकडे गेल्याचं सांगितलं, मग कपाटाची किल्ली साहेबांकडे असल्याचं, मग चहा दिला. आम्ही कलमाची प्रत टेबलावर ठेवून, ‘आज नोंदवही दाखवली नाही’ एवढं त्याच्याकडून लिहून मागितलं. दहा मिनिटांत वही आली.

आकड्यांचे उंबरठे असे आहेत. विशेष सभा बोलवायला दहा टक्के भांडवल लागतं, ते तुमच्या आवाक्याबाहेरचं. संचालकाला काढण्याचा ठराव आणण्याची विशेष सूचना एक टक्का मतं किंवा पाच लाख रुपये भरणा झालेल्या भांडवलाचे शेअर असतील तर देता येते. दर्शनी मूल्य दहा रुपये असेल तर ५० हजार शेअर, एक रुपया असेल तर पाच लाख. चार-पाच जुने भागधारक मिळून हे कधी कधी जमतं, पण ठराव पास व्हायला साधं बहुमत लागतं आणि ते ६२ टक्क्यांच्या खिशात आहे. छोट्या भागधारकांचा स्वतंत्र प्रतिनिधी संचालक मंडळावर नेमायची सोय कलम १५१ मध्ये आहे, वीस हजारांपर्यंत दर्शनी मूल्य धरणारे एक हजार जण किंवा त्यांच्यातले एक दशांश, यांतली कमी संख्या हवी. कागदावर छान, प्रत्यक्षात फारच क्वचित. शंभर सभासद मिळून कंपनी कायदा न्यायाधिकरणात सामूहिक दावाही करू शकतात. मी स्वतः अशिलांना त्या वाटेला शक्यतो जाऊ देत नाही. वर्षं जातात, वकिलांची फी जाते, आणि ‘माहिती देत नाहीत’ एवढ्यावर भागधारकांच्या हिताविरुद्धचा कारभार सिद्ध होत नाही. त्या गुप्ततेतून कंपनीचं नुकसान झालं हे दाखवावं लागतं. सेबीच्या स्कोअर्स या तक्रारींच्या संकेतस्थळावर तक्रार मात्र फुकट आहे आणि कंपनीला एकवीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तिथे ‘भाव कमी का लावला’ विचारलंत तर तो व्यवसायाचा निर्णय आहे म्हणून फाइल बंद होईल. ‘अमुक विवरण अमुक तारखेला जाहीर झालं नाही’ असं विचारलंत तर हलेल.

राहिला तो राजीनामा. स्वतंत्र संचालकाने मुदतीआधी पद सोडलं तर त्याचं पत्र, सविस्तर कारणांसह, सात दिवसांत शेअर बाजाराकडे द्यावं लागतं, आणि ‘याखेरीज दुसरं महत्त्वाचं कारण नाही’ अशी त्याची लेखी कबुलीही जोडावी लागते. ते पत्र काढा. कबुली जोडलेली आहे का? तो गृहस्थ लेखापरीक्षण समितीवर होता का? आधीच्या वर्षी तो बैठकांना नियमित येत होता का? अहवालात हजेरीचा तक्ता असतो. आणि त्याच महिन्यात त्याने आणखी कुठल्या कंपन्यांची संचालकपदं सोडली? तब्येत बिघडलेला किंवा परदेशी मुलाकडे गेलेला माणूस सगळीकडून निघतो. तो बाकी तिन्ही मंडळांवर हसतखेळत बसलेला असेल आणि फक्त इथूनच उठला असेल, तर त्याच्या शेवटच्या बैठकीत कुठला व्यवहार मंजूर झाला ते शोधा. तारखा जुळतात का एवढंच बघा; त्याच्या घरी फोन करू नका, लोक करतात.

पत्र कंपनी सेक्रेटरी आणि लेखापरीक्षण समितीचे अध्यक्ष अशा दोघांच्या नावे, पोचपावतीसह पाठवा. प्रश्न चारच ठेवा: ट्रेडिंग कंपनीला दिलेले टन आणि प्रतवारीनिहाय दर, दर ठरवण्याची रीत आणि समितीने ती शेवटची कधी तपासली, साठ्यांची संकेतनिहाय फोड आणि पट्ट्याची अखेरची तारीख, सभेतल्या त्या दोन प्रश्नांची राहिलेली उत्तरं. तीस दिवस थांबा. उत्तर आलं तर त्यात ‘सर्वसाधारण व्यवसायक्रमात’ हे शब्द किती वेळा आलेत आणि टनांचा आकडा किती वेळा, हे मोजून मला पुन्हा लिहा.